हवा सगळ्यांची, दिवा टॉप मॉडेलचा

शोरूममध्ये नव्या गाडीचं माहितीपत्रक हातात पडलं की त्यातला व्हेरिएंटचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. डावीकडे सोयींची यादी, वर बेस, मिड, टॉप असे रकाने आणि प्रत्येक घरात टिंब नाहीतर आडवी रेघ. टिंब म्हणजे मिळणार, रेघ म्हणजे नाही. सनरूफ, वायरलेस चार्जर, गार हवा सोडणाऱ्या सीटा, दारातली रंगीत रोषणाई आणि याच यादीत कुठेतरी एक ओळ: टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस. बऱ्याच मॉडेलांत या ओळीसमोर टॉपच्या रकान्यात टिंब आहे आणि बेसच्या रकान्यात रेघ.

त्या रेघेचा अर्थ सरळ आहे. टायरमधली हवा धोक्याच्या पातळीखाली उतरली तर ते वरचे पैसे मोजणाऱ्याला कळेल. ज्याने कर्ज काढून, हप्ते बसवून बेस मॉडेल घेतलं, त्याला कळणार नाही. रस्ता दोघांचा एकच, वेग एकच, मागच्या सीटवर पोरंबाळं दोघांचीही. सनरूफ नसली तर काही बिघडत नाही. हवेची खबर नसली तर माणसं जातात. या दोन्ही गोष्टी ज्यांनी एका यादीत मांडल्या, त्यांना जाब विचारायलाच हवा. पण आधी ही यंत्रणा करते काय, ते बघू.

गाडीचं वजन रबर पेलतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पेलते आतली दाबलेली हवा. रबर, नायलॉन आणि पोलादी तारा यांचं कवच मुख्यतः त्या हवेला कोंडून ठेवण्यासाठी. रस्त्याला टेकलेला भाग म्हणाल तर प्रत्येक चाकाला तळहाताएवढा. ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवा, ब्रेक मारताना चाकं जखडू न देणाऱ्या एबीएसला काम करू द्या, सगळा व्यवहार तेवढ्याच जागेवर चालतो. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दुमडते आणि परत सरळ होते. ताशी १०० किलोमीटर वेगात साध्या मोटारीचं चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. तितक्या वेळा दुमडायचं, तितक्या वेळा सरळ व्हायचं, तेही तासन् तास. त्यातून उष्णता तयार होते, ती बाहेर पडायला सवड मिळत नाही, रबर आणि तारांची एकमेकांवरची पकड ढिली पडते, थर सुटू लागतात. मग टायर जातो. बाहेरून बघणाऱ्याला तो अचानक गेलेला दिसतो, पण आत बराच वेळ तेच चाललेलं असतं.

म्हणूनच आपल्याकडचा एक सल्ला मला फार घातक वाटतो. ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच मारा, गरम होऊन फुटेल नाहीतर.’ पंपावर हे ऐकू येतं, घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, पाच-दहा वर्षं टॅक्सी चालवलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. नेमकं उलटं घडतं. हवा कमी केली की टायर जास्त दुमडतो, जास्त दुमडला की जास्त तापतो. गरम झाल्यावर दाब वाढणार, हे टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं. फुटण्याच्या भीतीने हवा काढणारा माणूस टायर फुटण्याचीच सोय करत असतो.

आकड्यांत बघा. तुमच्या गाडीला कंपनीने ३३ पीएसआय दाबाची हवा सांगितली आहे. सकाळी २५ अंश तापमानात बरोबर ३३ भरून तुम्ही निघालात. दोन तास एक्स्प्रेस वेवर गाडी पळाली, टायरमधली हवा ६० अंशांच्या घरात गेली. आता गेज लावलं तर काटा ३८-३९ दाखवेल. हे अगदी ठीक आहे. पण फूड मॉलपाशी थांबलेला माणूस आकडा बघून घाबरतो, व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडतो आणि काटा ३३ वर आणून समाधानाने चहा प्यायला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाल्यावर आत उरलेली असते फक्त २८. काल जे बरोबर होतं ते त्याने स्वतःच्या हाताने बिघडवलं.

म्हणून नियम एवढाच: हवा मोजायची ती गार टायरची, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर किंवा जेमतेम दीड किलोमीटर चालल्यावर. आकडा बघायचा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर त्याच स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. तो रकाना वाचलेली माणसं मला फार कमी भेटली आहेत.

नायट्रोजनचं काय, असं विचारणारे असतातच. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन भरला तर गळती किंचित मंदावते, ओलावा येत नाही. भरायचा तर जरूर भरा, पण मोजायचं सोडू नका. कुठलाही धड टायर महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप सोडतो. रबर पूर्ण हवाबंद नसतंच. सहा महिने बघितलं नाही तर पंक्चर न होताही पाच-सहा पीएसआय गेलेले असतात आणि नुसत्या डोळ्यांना रेडियल टायरमध्ये ते दिसत नाही. त्याची भिंत हवा पुरेशी असतानाही थोडी फुगलेली असते. लाथ मारून हवा तपासणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

डोळ्यांना दिसत नाही, रोज गेज लावणं होत नाही, म्हणून ही यंत्रणा.

तिचे दोन प्रकार. पहिला थेट मोजणारा. प्रत्येक चाकात, रिमच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बुडाशी अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी बसवलेली असते. वजन जेमतेम तीसेक ग्रॅम. तिच्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने पडदा वाकतो, वाकला की त्याच्यावरच्या सूक्ष्म पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून दाब कळतो. शेजारी तापमान मोजणारा भाग, एक छोटा रेडिओ आणि लिथियमची बॅटरी. हे सगळं एका रसायनात कायमचं गोठवून बंद केलेलं. बॅटरी बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की अख्खी डबी नवीन घ्यायची.

इतकी वर्षं एवढ्याशा बॅटरीवर ती तगते कशी? झोपून. गाडी उभी असताना ती जवळपास काहीच करत नाही. चाक फिरू लागलं की आतल्या प्रवेगमापकाला ते जाणवतं आणि ती जागी होते. मग दर काही सेकंदांनी दाब मोजते, पण खबर पाठवते साधारण मिनिटाला एकदा. हवा भराभर उतरू लागली तर मात्र मिनिटाची वाट न बघता लगेच ओरडते. ही खबर युरोपात आणि आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जाते, अमेरिकेत ३१५ वर. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीच्या संगणकाला आपल्या चार डब्यांचे क्रमांक माहीत असतात. तो क्रमांक नसता तर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची हवा तुमच्या डॅशबोर्डवर दिसली असती.

हा क्रमांक उघड्यावर, कुठल्याही कुलपाशिवाय पाठवला जातो, हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या रट्गर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं. ४० मीटर अंतरावरून त्यांनी चालत्या गाडीचे संदेश पकडले आणि खोटे संदेश पाठवून दुसऱ्या गाडीतला इशाऱ्याचा दिवा लावूनही दाखवला. गाडी बनवणाऱ्यांनी हे दार बंद करायला हवं. पण त्यावरून कोणी यंत्रणाच नको म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

या डबीचा मृत्यू बहुतेक वेळा पंक्चरच्या दुकानात होतो. टायर रिमवरून उतरवताना कारागीर आधी कड दाबून मोकळी करतो आणि मग टॉमी घालून उचकटतो. टॉमी व्हॉल्व्हच्या बाजूने घातली की आत कट्‌ असा आवाज येतो आणि काही हजारांची डबी फुटते. त्या बिचाऱ्याला आत काही आहे हे कोणी सांगितलेलं नसतं आणि मालकालाही बहुधा माहीत नसतं. रबरी काळ्या व्हॉल्व्हच्या जागी नटाने आवळलेला धातूचा व्हॉल्व्ह दिसला तर आत सेन्सर आहे असं समजावं आणि टॉमी विरुद्ध बाजूने सुरू करावी. पण रबरी व्हॉल्व्हचेही सेन्सर असतात, म्हणून सगळ्यात बरं म्हणजे तोंड उघडून सांगणं: ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब घाला.’ पंक्चर बंद करायला ओतायचा चिकट द्रव टाकतानाही विचारून टाका, कारण काही द्रवांनी सेन्सरचं भोक बुजतं. ज्या कंपन्या हे तंत्र विकतात, त्यांनी हायवेच्या पंक्चरवाल्यांना ते समजावून सांगण्यासाठी काय केलं आहे, हा माझा प्रश्न आहे. शोरूमला जोडलेल्या वर्कशॉपच्या पलीकडे मला तरी काही दिसलेलं नाही.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष, आणि माझं भांडण मुख्यतः याच्याच जोरावर आहे. यात चाकात काहीच बसवायचं नसतं. एबीएससाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर आधीच असतो. चाकाबरोबर एक दातेरी किंवा चुंबकीय कडं फिरतं आणि सेन्सर त्याचे ठोके मोजतो. हवा कमी झालेल्या टायरची फिरतानाची त्रिज्या मिलिमीटरभराने घटते. त्रिज्या घटली की तेवढंच अंतर कापायला चाकाला किंचित जास्त फेऱ्या लागतात. चार चाकांची तुलना करत राहिलं की कुठलं चाक घाईत आहे ते कळतं. वळणावर, घसरणीवर, असमान भारात आकडे तसेही बदलतात, म्हणून संगणक बराच वेळ सरासरी काढत बसतो.

जुन्या पद्धतीत एक मोठं भोक होतं. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर तुलनेत काहीच दिसायचं नाही, आणि महिन्याला एक पीएसआयची ती नैसर्गिक गळती चारही चाकांत सारखीच होते. नव्या पद्धतीत यावर उपाय आहे. फिरणाऱ्या टायरची स्वतःची एक थरथर असते, हवा कमी झाली की तिची वारंवारता बदलते आणि त्याच एबीएस सेन्सरच्या ठोक्यांमधून ती ओळखता येते. त्यामुळे एकेकट्या चाकाचीही खबर लागते. स्वीडनमधल्या लिनशोपिंगची निरा डायनॅमिक्स ही कंपनी या आज्ञावलीसाठीच ओळखली जाते. अशी यंत्रणा असलेल्या गाड्या युरोप-अमेरिकेच्या कडक चाचण्यांतून पास होऊन विकल्या जातात.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. हवा भरल्यावर ‘सेट’चं बटण दाबून यंत्रणेला सांगायचं असतं की हा दाब बरोबर आहे, इथून पुढे लक्ष ठेव. दिवा लागला म्हणून हवा न भरताच बटण दाबलं तर ती २४ पीएसआयलाच बरोबर समजून बसते आणि गप्प होते. असे दिवे बंद करणारे महाभाग आहेत, आणि गाडी ताब्यात देताना हे बटण न समजावणारे विक्रेतेही आहेत.

ही सगळी उठाठेव जगात सुरू कशी झाली? १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये ही यंत्रणा आली तेव्हा ती श्रीमंतांच्या वेगाची चैन होती. ती सामान्यांच्या गाडीत आली ती अमेरिकेत माणसं मेल्यावर. फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांची वरची पट्टी धावताना सुटून यायची आणि गाडी उलटायची. टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना अशा तापत्या राज्यांत हे जास्त घडलं. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवावे लागले. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू मोजले. टायरच्या घडणीतच दोष होते हे खरं, पण फोर्डने या उंच, जड गाडीला २६ पीएसआय एवढाच दाब सुचवला होता, यावरूनही दोन कंपन्यांनी एकमेकींवर यथेच्छ चिखलफेक केली. १ नोव्हेंबर २००० रोजी कायदा झाला, त्यात टायरच्या हवेचा इशारा सक्तीचा करायचा आदेश होता.

पुढची कथा आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. कायदा झाला आणि लगेच तो पातळ करायची खटपट सुरू झाली. खात्याने २००२ मध्ये असा नियम काढला की कंपन्यांनी दोनांतला एक पर्याय निवडावा, आणि त्यातला स्वस्त पर्याय असा होता की एकाच चाकातली हवा उतरली तर इशारा दिला की पुरे. दोन-तीन चाकं एकदम बसली तर यंत्रणा गप्प राहिली तरी चालेल. पब्लिक सिटिझन ही ग्राहकांची संघटना न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो पर्याय बेकायदा ठरवून उडवून लावला. नवा नियम २००५ मध्ये आला: चारपैकी कितीही चाकांत हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेली तर २० मिनिटांत दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला तो लागू आहे. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला हेच बंधन घातलं. नंतर अमेरिकी खात्याने रस्त्यावरच्या गाड्या तपासल्या तेव्हा टायर धोकादायक बसलेला असण्याची शक्यता ही यंत्रणा असलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त घटलेली आढळली.

आणि आपण? आपल्याकडे ही यंत्रणा नियमात आली ती स्टेपनीच्या बदल्यात. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, पंक्चर दुरुस्तीचं किट असेल आणि टीपीएमएस असेल, तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालेल. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीला जागा हवी, वजन कमी हवं, हे समजण्यासारखं आहे. पण बघा कसा सौदा झाला: पाचवं चाक वाचवायचं असेल तर कंपनीला हवेचा इशारा द्यावा लागतो, माणूस वाचवायचा असेल तर तो ऐच्छिक.

खर्चाचं कारण पुढे करतील, म्हणून सांगतो. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशातल्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे सगळ्यात स्वस्त बेस मॉडेलच्याही चारही चाकांपाशी वेगाचे सेन्सर बसलेले आहेत. तारा आहेत, संगणक आहे, डॅशबोर्ड आहे. अप्रत्यक्ष यंत्रणेला लागते ती आज्ञावली, त्या गाडीच्या टायरांवर केलेल्या चाचण्या आणि एक दिवा. फुकट नाही, पण एका मॉडेलच्या लाखो गाड्यांवर वाटला तर हा खर्च दारातल्या रंगीत रोषणाईपेक्षा जास्त भरणार नाही असं माझं मत आहे. कोणा कंपनीला हे खोटं वाटत असेल तर तिने हिशेब उघड करावा. ज्याने ठोके मोजणारं यंत्र विकत घेतलंय त्याच्यापासून त्या ठोक्यांचा अर्थ लपवून ठेवायचा आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये तो विकायचा, याला मी व्यापार म्हणायला तयार नाही.

‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य आपल्या अपघातांच्या बातम्यांत ठरलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा निकाल लावला आहे. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येताना गाडीचं मागचं चाक फुटून एका तरुणाचा जीव गेला होता. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, भरपाई कसली मागता. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. वेग जास्त, हवा कमी किंवा जास्त, टायर जुना, अशी त्याची कारणं असतात. टायर फुटणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, देवाची करणी नाही. सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम राहिली. मला या निकालाचा पुढचा प्रश्न विचारायचा आहे. हवा न बघणारा चालक निष्काळजी ठरतो, तर हवा बघायचं साधन गाडीत तयार असून ते न देणारा कोण ठरतो?

दिवा असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. मघाचं गणित आठवा. ३३ चे २५ टक्के गेले की उरतात पावणेपंचवीस, आणि अमेरिकी कायद्याने दिवा लावायचं बंधन तिथे येतं. फूड मॉलवर हवा सोडून २८ वर आलेल्या माणसाची गाडी अंधारातच राहील, कारण १५ टक्केच कमी झालेत. काही गाड्या आधी इशारा देतात, आकडेही दाखवतात, पण सगळ्या नाही. पिवळ्या रंगाचं, वरून उघडं असलेलं वाटोळं चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह, असा तो दिवा. लागून राहिला तर हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणाच आजारी आहे. लागल्यावर करकचून ब्रेक मारायचा नाही, वेग हळूहळू उतरवायचा, सुरक्षित जागी बाजूला घ्यायचं, बघायचं. ‘सेन्सर खराब असेल’ म्हणत पुढचे दोनशे किलोमीटर जायचं नाही. पंपावर हवा मोफत देणं तेल कंपन्यांच्या नियमांनी पंपचालकाला बंधनकारक आहे. यंत्र बंद आहे असं सांगितलं तर तिथल्या तक्रारवहीत लिहा.

ज्यांच्या गाडीत यंत्रणा नाही त्यांना बाजारात व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसवायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा पडदा मिळतो. चोरीला जातात, उन्हात बॅटरी लवकर मरते, टोपणापाशी झिरप होऊ शकते. तरीही मी ते घ्या म्हणेन, चांगल्या प्रतीचे घ्या आणि सोबत खिशातलं गेजही ठेवा.

पण मोटारींपेक्षा माझा जीव अडकतो तो मोठ्या गाड्यांत. ट्रकच्या, बसच्या मागच्या बाजूला जोडचाकं असतात. आतलं चाक बसलं तर बाहेरचं सगळा भार घेऊन पळत राहतं आणि उभ्या माणसाला काहीही दिसत नाही. म्हणून आपले ड्रायव्हर ढाब्यावर थांबले की लोखंडी दांडा घेऊन टायरांवर ठोकत फिरतात आणि आवाजावरून हवा ओळखतात. त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण त्या आवाजात पूर्ण बसलेलं चाक कळतं, वीस-पंचवीस पीएसआय कमी झालेलं कळत नाही, आणि १०० पीएसआयच्या पुढे हवा लागणाऱ्या टायरमध्ये तेवढ्याने घात होतो. युरोपने २०२२ पासून नव्या रचनेच्या आणि २०२४ पासून सगळ्याच नव्या ट्रक-बस-ट्रेलरना ही यंत्रणा सक्तीची केली.

आपल्याकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा, सरळसोट, आणि मोटारींना ताशी १२० ची परवानगी. तो सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशापाशी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण झीज दिसते, हवा दिसत नाही. ३० जून-१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. चालकाने सांगितलं टायर फुटला. आरटीओच्या अहवालाने म्हटलं, टायर फुटल्याच्या खुणा नाहीत. कोण खरं, यावर लोक भांडत राहिले, कारण त्या बसच्या कुठल्या चाकात किती हवा होती याची नोंद कुठेच नव्हती.

प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून ठावठिकाणा कळवणारी पेटी सक्तीची आहे. बस कुठे आहे, किती वेगात आहे, हे ती नियंत्रण कक्षाला सांगत असते. तिला चाकांच्या दाबाचे आकडे जोडता येतात, ते तंत्रज्ञान बाजारात तयार आहे. पहिली सक्ती रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना करा. परवान्याच्या अटींत लिहा, पुढच्या वर्षीच्या फिटनेस तपासणीत बघा, नसेल तर परवाना थांबवा. तीस माणसं झोपलेली असताना मागच्या आतल्या चाकात किती हवा आहे, हे निदान जागा असलेल्या चालकाला तरी समोर दिसलं पाहिजे.